आवडत्या बँडला समोरून ऐकलेली रात्र : तुमचे अनुभव येऊ द्या

लोकहो, काल रात्री आम्ही चौघं आमच्या लाडक्या इंडी बँडला ऐकून आलो. घसा बसलाय, पोटऱ्या बोलतायत आणि उजव्या कानात अजून बारीक शिट्टी वाजतेय. झोप काही येत नाही, म्हणून धागा काढतोय. कोणती गाणी झाली त्याची यादी नको. रेकॉर्डिंगमध्ये नाही पण तुमच्या डोक्यात घर करून बसलंय, असं काहीतरी लिहा.

सुरुवात मीच करतो. हॉल लहान, तीनेकशे माणसांचा. चौथ्या गाण्यात गिटारची तार तुटली. मोठ्या बँडचं असतं तर विंगेतून कुणीतरी लावलेली दुसरी गिटार घेऊन धावलं असतं. इथे ना माणूस, ना दुसरी गिटार. गडी स्टेजवरच मांडी घालून नवी तार चढवायला बसला. नवी तार लगेच सुरात टिकत नाही, ओढून ओढून पुन्हापुन्हा लावावी लागते. पाच मिनिटं सहज गेली. तेवढ्यात बासवाल्याने एकट्यानेच त्या गाण्याची चाल धरली आणि गायिका माइक सोडून स्टेजच्या कडेला येऊन बसली. तशीच गायली, उघड्या गळ्याने. मागे कुणीतरी खोकलं ते सगळ्यांना ऐकू गेलं. हे गाणं मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. त्यात बास एवढं काही सांगतोय, हे काल कळलं.

~

शिट्टीवरून लिहिते. तिला कौतुकाने मिरवू नका. आमच्या कंपूतली एक जण कानांच्या तपासणीचं काम करते. ती दर वेळी सगळ्यांसाठी इअरप्लग आणते आणि आम्ही दर वेळी तिची टिंगल करायचो. एकदा तिने हिशेब मांडला : ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. आणि कार्यक्रम दोन तासांचा! तेव्हापासून मुकाट घालतो. फक्त ते फोमचे स्वस्तातले नकोत, ते वरचे स्वर जास्त खातात आणि गायक गोधडीतून गातोय असं वाटतं. संगीतासाठीचे वेगळे मिळतात, त्यांत आवाज नुसता लहान होतो.

~

मी काही वर्षं कार्यक्रमांत आवाज लावणाऱ्या मिक्सरच्या मागचा माणूस होतो, म्हणून दोन शब्द. तुम्ही मित्रांना ओढत अगदी पुढे जाता ना, तिथे गिटारचा अ‍ॅम्प थेट तोंडावर येतो आणि गाण्याचे शब्द बाजूच्या स्पीकरांतून तुमच्या डोक्यावरून मागे निघून जातात. नीट ऐकायचं असेल तर मिक्सरच्या आसपास उभे राहा. आम्ही शेवटी आमच्याच कानांना बरं वाटेल तसं लावतो, हे गुपित नाही. संध्याकाळी साउंडचेकला रिकामा हॉल नुसता घुमत असतो; माणसं भरली की अंगं नि कपडे वरचे स्वर पिऊन टाकतात आणि पहिल्या दोन गाण्यांत सगळं नव्याने लावावं लागतं. त्यामुळे सुरुवातीला आवाज बरा नाही म्हणून मान वळवून आमच्याकडे रागाने बघू नका. थांबा जरा.

(घाम पुसत पुढेच नाचायचं असेल तर मात्र माझं काही ऐकू नका. मीही सुट्टीच्या दिवशी पुढेच असतो.)

~

माझ्यापुढे सहा फुटी इसम, त्याने फोन वर धरलेला. अख्खं गाणं मी त्याच्या स्क्रीनवर पाहिलं. घरी पाहिलं असतं तर निदान बसायला मिळालं असतं.

~

आम्ही मैदानात पार मागे, शंभरेक मीटरवर होतो. ड्रमरची काठी खाली यायची आणि ठोका नंतर पोचायचा. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे पाव सेकंदाहून जास्त उशीर. आमच्यातला एक जण काठी बघून टाळ्या वाजवत होता, बाकीचे कानांवर विसंबून. रात्रभर भांडण : ठेक्याला कोण चुकतंय?

~

आमच्या चौघींचं एक गाणं आहे. कॉलेजच्या खोलीत, प्रवासात, एकीच्या ब्रेकअपनंतर पहाटे तीन वाजता, सगळीकडे तेच. त्याची एक ओळ आम्ही वर्षानुवर्षं 'मागे नुसता दूर उरला' अशी म्हणायचो. व्याकरणात बसत नाही, पण कवी आहे, असेल काहीतरी खोल, म्हणून आम्ही त्यावर चर्चाही केलेल्या. बँड छोटा, छापील शब्द कुठेच नाहीत. त्या रात्री पहिल्यांदा समोरून ऐकलं आणि स्वच्छ आलं : 'धूर उरला.' धूर! चौघींनी एकाच क्षणी एकमेकींकडे पाहिलं. पुढचं कडवं आम्ही हसण्यात घालवलं, आजूबाजूचे वैतागले.

नंतर टी-शर्टच्या टेबलामागे तो गायक स्वतःच सुटे मोजत बसलेला. आमच्यातल्या आगाऊ मैत्रिणीने त्याला आमची ओळ सांगितली. त्याचं मोजणं चुकलं. म्हणाला, "परत म्हण बघू." तिने परत म्हटली. त्याने ती स्वतःशी दोनदा पुटपुटली, पेन मागितलं आणि तळहातावर काहीतरी लिहून ठेवलं.

पुढच्या कार्यक्रमाची चार तिकिटं काढून ठेवली आहेत. काय गातो ते कळवते.