बोट उलटली की दोष चालकाचाच का? पैठणच्या नाथसागर जलाशयातल्या प्रवासी होड्यांबद्दल

पैठणचा_घाट
21 मे 2024 ला उजनीत कुगाव-कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटली, 6 जण गेले. असं काही घडलं की चर्चा चालकापाशी येऊन थांबते. माझं म्हणणं वेगळं आहे. चूक सगळ्यांना दिसेल अशी बोट करा, शिक्षेचं नंतर बघू.

सुरुवात भारापासून. बोट 20 जणांची म्हणता ना? माणशी 75 किलो धरा, 1500 किलो झाले. 50 किलोच्या 30 वाळूच्या गोण्या सारख्या पसरून ठेवा आणि पाणी लागेल तिथं बाहेरून चौफेर लाल पट्टा मारा. मग त्याच गोण्या एका बाजूला सरकवून बघा, कारण फोटोसाठी माणसं अशीच एका अंगाला धावतात. पाणी काठाला टेकायला आलं तर 20 हा आकडाच खोटा. माणसं कमी करा आणि पट्टा खाली घ्या. पट्टा बुडाला की बोट घाटावरून हलणार नाही.

कायदा_आधी
पटलं नाही. पट्टा चालकाला बसल्या जागेवरून दिसत नाही आणि ज्याला दिसतो त्याला थांबवायचा अधिकार नाही. सोयी आत्ताही आहेत की! इंजिन बंद करणारी लाल दोरी बघा. हुक इंजिनाच्या बटणात, दुसरं टोक चालकाच्या मनगटाला हवं. ते हँडललाच गुंडाळलेलं असतं. चालक पाण्यात पडला तर इंजिन चालूच, पंखा फिरतोय आणि बोट गोल गोल त्याच्याच अंगावर येतेय. जाकिटं सीटखाली गठ्ठा बांधून ठेवलेली, त्यात लेकरांच्या मापाचं एकही नाही. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी, तपासणी, चालकाचं प्रमाणपत्र सगळं आहे. दोन-चार परवाने गेल्याशिवाय ही दोरी मनगटाला लागणार नाही.

डेकवरून_लातूर
मोठ्या जहाजांवर साधनं आणि कायदा, दोन्ही वाटा चोखाळून झाल्यात. 6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' हे गाड्या-माणसं नेणारं जहाज उलटलं, 193 जण गेले. गाड्या चढवायचा पुढचा दरवाजा उघडाच राहिला होता. तो लावणारा खलाशी झोपलेला, ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, कॅप्टनला दरवाजा दिसत नव्हता, आणि कोणी तक्रार केली नाही म्हणजे दरवाजा लागला, असं धरायची पद्धत. त्यानंतर ब्रिजवर दरवाज्याचे दिवे आले. 1998 पासून सक्तीच्या झालेल्या आयएसएम संहितेनं, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी, कंपनीलाही जबाबदार धरलं.

म्हणून पट्टा हवाच. पण नुसत्या साधनावर विसंबू नका, पैठणकर. पहाऱ्यावरचा अधिकारी झोपू नये म्हणून ब्रिजवर 3 ते 12 मिनिटांनी जाग विचारणारं यंत्र असतं, तेही बंद करून ठेवल्यामुळे अपघात झालेत. आणि माणूस यंत्र बंद का करतो हे विचारलं नाही, तर परवाने रद्द करूनही पुढचा चालक तेच करेल.

भोईवाडा
दादा, कारण सरळ आहे. चालकाला पैसे फेरीवर मिळतात. नाथषष्ठीच्या गर्दीत रिकामी जागा ठेवून बोट सोडली तर तोटा त्याचा. पगार महिन्याचा करा.

पट्ट्यात एक खोटही आहे. चाचणी कोरड्या बोटीची झाली. तळाला 4 मीटर बाय 2 मीटर जागेत 5 सेंटिमीटर पाणी साचलं तर ते 400 किलो होतं, म्हणजे पाच माणसं. शिवाय बोट कलली की ते सगळं कललेल्या बाजूलाच धावतं. प्रत्येक फेरीआधी तळ उपसून कोरडा केला तरच पट्टा खरं सांगेल.

पैठणचा_घाट
तळ उपसायचं मान्य, तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पगार महिन्याचा करा हेही मान्य. परवान्यावर मात्र अजून पटत नाही. वैशाखात दुपारनंतर वावधान, म्हणजे वादळी वारं, सुटतं तेव्हा बोट मधोमध असते, कागद तिथं काय करणार? पाण्यावर पांढरा फेस सर्रास दिसू लागला म्हणजे वारा ताशी 20 किलोमीटरच्या वर गेला. त्याआधीच, पश्चिमेला ढग काळे झाले की फेऱ्या बंद व्हाव्यात.

कायदा_आधी
बंद करणार कोण? तिकीट फाडणाराच ना?

भोईवाडा
तोच नको. घाटावर बावटा लावणारा माणूस वेगळा हवा, ज्याच्या पगाराचा तिकिटांशी संबंध नाही. लाल बावटा चढला की पाण्यातल्या बोटीनं पैठणचा आग्रह सोडून जवळच्या काठाला लागायचं, आणि त्या फेरीचे पैसे कापायचे नाहीत.