लेव्हंटचा ॲडमिरल सीरियात काय करत होता?

शब्दखूळ
चौदाव्या लुईच्या आरमारावरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 1669 साली निर्माण झालेली दोन पदं आहेत, 'व्हिस-आमिराल द्यु पोनाँ' आणि 'व्हिस-आमिराल द्यु लव्हाँ'. दुसऱ्याचं मी 'लेव्हंटचा व्हाइस ॲडमिरल' केलं. पण लेव्हंट म्हटलं की सीरिया-लेबनॉनचा किनारा डोळ्यापुढे येतो. संपादकांनी समासात लिहून पाठवलं, "हा सीरियात काय करत होता?" वाचकालाही हेच वाटणार. प्रत्यक्षात हा तुलाँ बंदरातला, भूमध्य समुद्राकडचा माणूस. पोनाँवाला ब्रेस्टकडचा, अटलांटिकचा. फ्रेंचमध्ये सरळ उगवती आणि मावळती. 'पूर्व विभाग, पश्चिम विभाग' लिहिलं तर आपल्या नौदलाची विशाखापट्टणम आणि मुंबईची मुख्यालयं आठवतात. काय करू?

खाडीकाठचा
उत्तर तुम्हीच दिलंय की. उगवतीचा आणि मावळतीचा. आमच्या आजीने पूर्व-पश्चिम हे शब्द कधी तोंडात घेतले नाहीत. उगवतीकडची पडवी, मावळतीकडचं परसू. मावळ हे नावही त्यातलंच.

तत्सम
'मावळतीचा ॲडमिरल' वाचून कुणालाही वाटेल की बिचाऱ्याची मुदत संपली. मावळते अध्यक्ष म्हणतो ना आपण? शिवाय 'ॲडमिरल' हवाच कशाला? प्राच्य उपनौसेनापती, प्रतीच्य उपनौसेनापती. स्वच्छ मराठी.

खाडीकाठचा
'प्रतीच्य' स्वच्छ आहे, पण मराठी?

जुने कागद
'सेनापती' मुळातच बसत नाही. त्या काळचा 'ॲडमिरल ऑफ फ्रान्स' ही लष्करी श्रेणी नव्हती, तो हुद्दा होता, उत्पन्नासकट. पकडलेल्या शत्रूजहाजांच्या किमतीचा दहावा हिस्सा त्याचा, सागरी न्यायालयं त्याच्या नावाने चालायची. कोलिन्यी हा फ्रेंच सरदार 1552 पासून ॲडमिरल होता, पण लढला तो जमिनीवर आणि 1572 मध्ये मारला गेला तो पॅरिसमध्ये. तोही सगळ्या किनाऱ्याचा धनी नव्हे. ब्रिटनी, ग्वियेन, प्रोव्हाँस यांचे ॲडमिरल वेगळे असायचे आणि बहुधा तिथला सुभेदारच ते पद धरून बसायचा. तेराव्या लुईचा मंत्री रिशल्यू याने 1626-27 मध्ये तेव्हाचा ॲडमिरल मोंमोरांसी याच्याकडून पद काढून घेतलं, रद्दच केलं आणि स्वतः नौकानयनाचा 'ग्रां-मेत्र' (मुख्य अधिकारी) झाला. प्रोव्हाँसचा सुभेदार ग्वीझ मात्र लव्हाँचं ॲडमिरलपद सोडेना. हा झगडा पुरता चिघळला आणि 1631 मध्ये ग्वीझला देश सोडावा लागला.

1669 मध्ये लुईने पद परत आणलं आणि दिलं कुणाला? व्हेरमांदोवाच्या काउंटला, म्हणजे स्वतःच्या अनौरस मुलाला. वय वर्षं दोन. तो वारल्यावर 1683 मध्ये दुसरा मुलगा, तुलूझचा काउंट. वय पाच. आता दोन वर्षांच्या पोराला 'नौसेनापती' लिहा! प्रत्यक्ष ताफा चालवायला माणसं लागणारच, म्हणून तर हे दोन व्हाइस. (तुलूझ मोठा झाल्यावर 1704 मध्ये मालागाजवळ खरोखर लढला, हे त्याच्या पदरात घालायला हवं.)

शब्दखूळ
हे फार उपयोगी. म्हणजे 'ॲडमिरलकी' म्हणता येईल? पाटीलकीसारखं?

अष्टागर
शब्द आयता आहे, सरखेल. कान्होजी आंग्र्यांना शाहूंशी झालेल्या तहात कायम झालं ते हेच. मुलूख, किल्ले, हुद्दा सगळं एकत्र. पुढे बाजीरावांनी भावाभावांत वाटणी केली. संभाजी सरखेल, मानाजी वजारतमाब. एक सुवर्णदुर्गाकडे, एक कुलाब्याला. पोनाँ आणि लव्हाँच झालं ना हे?

तत्सम
सरखेल फारसी आहे. आणि 'खैल' म्हणजे घोडेस्वारांचा जथा. घोड्यांचा शब्द गलबतांना?

अष्टागर
मग 'आरमार' तरी कुठलं? पोर्तुगीज 'आर्मादा'. आणि युरोपच्या 'ॲडमिरल'चं मूळ अरबी 'अमीर'. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याचा अधिकारी, अँटिऑकचा जॉर्ज, 'अमीरांचा अमीर' म्हणवायचा. दोन्हीकडे उसनवारीच.

डेकवरून
'अमीर-उल-बहर'चं (समुद्राचा अमीर) ॲडमिरल झालं, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं.

जुने कागद
गोष्ट छान आहे, पण सिसिलीतले सुरुवातीचे अमीर पालेर्मोचा कारभार बघायचे, समुद्र नंतर आला. 'ड' बहुधा लॅटिन 'ॲडमिराबिलिस'च्या संगतीने घुसला.

तत्सम
मग शिवकालीन 'दर्यासारंग' घ्या. निदान महाराजांच्या आरमारातला.

डेकवरून
दर्या फारसी, सारंग फारसी! आणि जहाजावर काम केलेल्याला विचारा. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. आमच्या मामांना बोटीवर सगळे सारंगच म्हणायचे. त्यांना कुणी ॲडमिरल म्हटलं असतं तर पगार वाढवून मागितला असता.

डाइकवाली
नेदरलँड्समध्ये राहते, म्हणून भर घालते. इथे 1795 पर्यंत पाच ॲडमिरल्टी, म्हणजे आरमाराचा कारभार बघणारी मंडळं, होत्या. मास (रॉटरडॅम), ॲमस्टरडॅम, झेलंड, नॉर्डरक्वार्टीर आणि फ्रीसलंड. प्रत्येकीचा खजिना वेगळा, जहाजं वेगळी, मानापमान वेगळे. रिअर ॲडमिरलला आजही इथे 'स्खाउट-बै-नाख्त' म्हणतात. स्खाउट म्हणजे जुना शहर-अंमलदार. रात्रीचा कोतवाल!

खाडीकाठचा
वा! आणि आपल्याकडे रिअर ॲडमिरलला नुसतं 'रिअर'. चंदावल म्हणा की. सैन्याची पिछाडी सांभाळणारा.

तत्सम
चंदावल कुठून आलं ते एकदा बघा, मग वा म्हणा.

शब्दखूळ
मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. 'लव्हाँचा (भूमध्य समुद्राकडच्या आरमाराचा) व्हाइस ॲडमिरल' पहिल्यांदा लिहून पुढे नुसतं 'लव्हाँचा' चालेल का?

अष्टागर
चालेल. पण कंसात 'आरमार' लिहा, 'नौदल' नको. 1669 ला नौदल शोभत नाही.

तत्सम
का शोभत नाही? नौ संस्कृत, दल संस्कृत.

डेकवरून
कोतवालसुद्धा संस्कृत 'कोटपाल'वरूनच असं म्हणतात. तेवढा तरी पास करा, तत्समराव.

तत्सम
फारसीतून फिरून आलाय. विचार करून सांगतो.