वेगवेगळ्या विषयांच्या संशोधकांचा एकत्र गट कसा चालवावा? सल्ला हवा

धागाकर्ती
आमच्या प्रकल्पात जीवशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि प्रोग्रामर आहेत. माणसं हुशार आहेत, एकमेकांबद्दल आदरही आहे, तरी गाडं पुढे सरकत नाही. प्रयोगशाळेतून येणारी प्रत्येक एक्सेल फाइल वेगळ्या धाटणीची असते. बैठकीत एक गट बोलतो, बाकीचे ऐकून घेतात. त्यात शोधनिबंधावरच्या नावांच्या क्रमावरून कुजबुज सुरू झाली आहे. 'संवाद वाढवा' हे पटतं, पण नेमकं काय करायचं?

प्रतिसाद १
मी संख्याशास्त्रातली. माझं कळकळीचं सांगणं एकच: पहिला नमुना घेण्याआधी आम्हाला बोलवा. रुग्णांचे नमुने एका आठवड्यात तपासले आणि निरोगी लोकांचे पुढच्या आठवड्यात, रसायनांचा नवा संच उघडून, तर दिसलेला फरक आजाराचा की त्या संचाचा, हे नंतर कुठलंही गणित सांगू शकत नाही. दोन्ही प्रकारचे नमुने प्रत्येक फेरीत मिसळले की हा घोळ टळतो, आणि त्याला वेगळा खर्च लागत नाही. प्रयोग संपल्यावर नव्हे, आधी आम्हाला विचारा, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्येच बजावलं होतं. तरी आजही आम्हाला बोलावणं येतं ते सगळी विदा (डेटा) हातात आल्यावर.

तुमच्याकडे तपासणीचा क्रम कोणी ठरवला?

प्रतिसाद २
फाइलींसाठी एका पानाचा विदाकोश करा: रकान्याचं नाव, एकक, आणि रिकामा चौकोन म्हणजे मोजलंच नाही की मोजून शून्य आलं. मूळ फाइलला कोणी हात लावायचा नाही, दुरुस्त्या प्रतीवर. एक्सेल 'मार्च१'सारखी जनुकांची नावं तारखा समजून बदलून टाकत असे; शेवटी २०२० पर्यंत अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली.

प्रतिसाद ३
नावांचं आजच बोला, निबंध लिहून झाल्यावर नको. शुद्ध गणितात नावं बहुधा आडनावाच्या वर्णक्रमाने लागतात, जीवशास्त्रात शेवटचं नाव सहसा प्रयोगशाळाप्रमुखाचं. दोघांनाही आपलीच रीत सर्वमान्य वाटते, म्हणून कोणी विषय काढत नाही. 'क्रेडिट' या वर्गीकरणात योगदानाच्या १४ भूमिका आहेत. त्या समोर ठेवून कोण काय करणार ते लिहा आणि काम बदललं की तक्ताही बदला. प्रोग्रामरचं श्रेय एरवी आभारात जाऊन बसतं, ते मला अन्यायाचं वाटतं.

आणि लिहिलेलं सगळ्यांना दाखवा. लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएचं क्ष-किरण काम रोझलिंड फ्रँकलिन यांच्याकडे राहील, असं प्रमुख जॉन रँडल यांनी १९५० च्या अखेरीस त्यांना पत्राने कळवलं. त्याच विषयावर काम करणाऱ्या मॉरिस विल्किन्स यांना त्या पत्राची कल्पना नव्हती. दोघांचं पुढे जमलं नाही, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता.

धागाकर्ती
मनापासून आभार. तक्ता आणि विदाकोश याच बैठकीत घेते. @प्रतिसाद १: क्रम प्रयोगशाळेनेच ठरवला. रुग्णांचे नमुने तपासून झालेत, निरोगी लोकांचे बाकी आहेत. आता काही करता येईल का?

प्रतिसाद १
येईल, बाकीचं काम आधी थांबवा. रुग्णांचे नमुने शिल्लक असतील तर त्यातले काही निरोगी लोकांच्या नमुन्यांबरोबर त्याच फेऱ्यांमध्ये पुन्हा तपासा. एकाच नमुन्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे मिळाले की फेरीमुळे पडलेल्या फरकाचा अंदाज बांधता येतो. किती नमुने घ्यायचे हे तुमच्या संख्याशास्त्रज्ञाला ठरवू द्या, आणि ते ठरेपर्यंत उरलेले नमुने शीतकपाटातून बाहेर काढू नका.