रॉबर्ट कर्टहोज खरंच नालायक होता का?

सेव्हर्नकाठचा: इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला राहायला आल्यापासून इथल्या कॅथेड्रलमध्ये चार-पाचदा जाऊन आलो, दरवेळी पाय वळतात ते एका लाकडी पुतळ्याकडे. रंगवलेला, उताणा झोपलेला सरदार, पायावर पाय. हा रॉबर्ट कर्टहोज, उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा थोरला मुलगा. ११३४ मध्ये कार्डिफला कैदेतच वारला, २८ वर्षं कैद, आणि कैदेत टाकणारा कोण तर सख्खा धाकटा भाऊ, इंग्लंडचा राजा पहिला हेन्री.

जिथे वाचावं तिथे आळशी, उधळ्या, कुचकामी हेच. मला नाही पटत. १०९१ ची गोष्ट घ्या, रॉबर्ट आणि मधला भाऊ, तेव्हाचा इंग्लंडचा राजा विल्यम रूफस, दोघांनी मिळून हेन्रीला मों सँ मिशेल या बेटावर कोंडलं होतं. वरचं पाणी संपलं, तर रॉबर्टने पहारा ढिला करून पाणी नेऊ दिलं. रूफस भडकला तेव्हा म्हणे हा म्हणाला, भाऊ तहानेने मेला तर दुसरा कुठून आणायचा? त्याच हेन्रीने पुढे याला मरेपर्यंत बाहेर सोडलं नाही.

टाकसाळ: भाऊ म्हणून चांगला असेल हो, राज्यकर्ता म्हणून काय? १०८८ च्या सुमारास पैसे हवेत म्हणून कोतांतँचा मुलूख हेन्रीला ३,००० पौंडांना देऊन टाकला. १०९६ ला धर्मयुद्धाला जायचं म्हणून अख्खी नॉर्मंडी रूफसकडे १०,००० मार्कांना गहाण. ११०१ ला हेन्रीकडून इंग्लंडचं राज्य घ्यायला फौज घेऊन पोर्ट्समथला उतरला आणि लढाई न करता वर्षाला ३,००० मार्क घेऊन परत, मग दोन वर्षांत हेन्रीच्या राणीने शब्द टाकला म्हणून तेही सोडून दिले. इकडे सरदार एकमेकांची गावं जाळतायत, भोगायचं कुणी, रयतेनेच ना?

माई_नाशिक: बापाचंही बघा ना जरा. पोरगा पंचविशीचा झाला, नावाला वारस, पण हातात दमडी नाही आणि ‘कर्टहोज’ म्हणजे आखूड पायमोजेवाला हे नाव बापानेच ठेवलेलं. लेग्लला धाकट्या भावांनी माडीवरून अंगावर पाणी ओतलं आणि तो बंड करून निघाला. १०७९ ला जेर्बरॉयला लढताना बापच याच्या हातून घोड्यावरून पडला, आवाज ओळखून याने स्वतःचा घोडा दिला असं एका बखरीत आहे. आई माटिल्डा चोरून पैसे पाठवायची. विल्यमला कळलं तेव्हा तिच्या सॅम्सन नावाच्या जासुदाचे डोळे काढायचा हुकूम झाला, तो पळून सँ एव्रूच्या मठात शिरला म्हणून वाचला. त्या आईच्या जिवाची काय घालमेल झाली असेल!

जुनी_बखर: माई, त्याच मठात पुढे ऑर्डेरिक विटालिस हा बखरकार साधू लिहीत बसला होता, आणि रॉबर्टबद्दल आपण जे वाईट वाचतो त्यातलं बरंचसं त्याचं. चोर-भामटे कपडे घेऊन गेले म्हणून ड्यूक दुपारपर्यंत अंथरुणातच पडून, ही गोष्टही त्याचीच. लिहिलं ते हेन्रीच्या अमलात. भावाला तुरुंगात घातलेल्या राजाला भाऊ नालायक ठरलेलाच हवा होता. नाहीतर १०९९ ला त्याच धर्मयुद्धात, अस्कलॉनच्या लढाईत इजिप्तच्या वजिराचं निशाण मिळवणारा माणूस एवढा आळशी कसा?

टाकसाळ: ऑर्डेरिकचा मठ जळत्या मुलखाच्या मधोमध होता, त्याचा राग दरबारी नव्हता. आणि २८ सप्टेंबर ११०६ ला टँशब्रेच्या लढाईत हेन्रीने रॉबर्टला पकडलं, तासाभरात सगळं आटोपलं, कारण नॉर्मंडीतलेच कित्येक सरदार आधी हेन्रीला मिळाले होते.

सेव्हर्नकाठचा: बरं, मग एलियासचं काय? टँशब्रेनंतर रॉबर्टचा मुलगा विल्यम क्लिटो फालेझला हेन्रीसमोर आणला, पोर अजून चार वर्षांचंही नव्हतं, आई ११०३ लाच गेलेली. हेन्रीने त्याला सँ सानच्या एलियासकडे सांभाळायला दिलं, म्हणजे रॉबर्टच्याच अनौरस मुलीच्या नवऱ्याकडे. पुढे हेन्रीचा विचार फिरला, पकडायला माणसं पाठवली, तेव्हा एलियास घरी नव्हता, घरच्यांनी झोपलेलं पोर अंथरुणातून उचलून पळवलं. एलियासचा किल्ला गेला, तो त्या मुलाला घेऊन दारोदार फिरला. क्लिटो ११२७ ला फ्लँडर्सचा काउंट झाला, पुढच्याच वर्षी आल्स्टच्या वेढ्यात जखमी होऊन गेला, पंचविशीत. बाप तेव्हाही कैदेतच. ज्याच्या पोरासाठी माणसं एवढं सोसतात तो अगदीच टाकाऊ कसा असेल?

टाकसाळ: एलियासपुढे मान झुकते. पण रॉबर्टने सांभाळायला हवं होतं ते ओझं त्याने वाहिलं, वीस-बावीस वर्षं. माझं मत तेच आहे.