परदेशात गेलो, शैक्षणिक कर्ज गावातच राहिलं : तुमचे अनुभव लिहा

पंधराएक वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कितीतरी घरांतलं पहिलं पोरगं इंजिनिअरिंगला, एमबीएला, नर्सिंगला गेलं ते बँकेच्या कर्जावर. चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, आईबाप सहकर्जदार म्हणून सही करायचे, म्हणून गावोगावची कर्जं साडेतीन-चार लाखांच्या घरातली. शिक्षण झालं, हप्ते न भरण्याची वर्षभराची सवलत संपली, पुण्यात दहा-बारा हजारांची नोकरी लागली आणि हप्ते थकले. पुढे कोणी दुबईला गेलं, कोणी मस्कतला, कोणी आयर्लंडला. कर्ज मात्र तालुक्याच्या शाखेत बापाच्या नावासकट तसंच पडून राहिलं.

मी दारव्हा तालुक्यातली, सध्या दोह्यात. माझं कर्ज फिटलं आहे. हे लिहायला घेतलं ते माझ्या काकाजींमुळे. यंदा पेरणीच्या आधी त्यांना पीक कर्ज नाकारलं, कारण मुलाचं २०११ चं शैक्षणिक कर्ज थकलेलं. मुलगा शारजात चांगलं कमावतो आणि त्याला याचा पत्ताच नाही. "त्याच्या जिवाले कायले घोर लावू," म्हणून काकाजींनी सांगितलंच नाही. बाहेर गेलेल्याला हे कर्ज दिसत नाही, ते मागे राहिलेल्याला दर खरिपाला दिसतं, आणि नेमकं तोच माणूस बोलत नाही. म्हणून ज्यांनी हे निस्तरलं त्यांनी सविस्तर लिहा. कागद कोणते लागले, बँक काय म्हणाली, कुठे अडलं. बँकेचं आणि माणसांचं नाव नको.

आर्णी तालुका, सध्या अबू धाबी

ताई, तुमच्या काकाजींचं झालं तेच माझ्या बाबांचं झालं. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीएत (थकीत कर्जांच्या यादीत) जातं आणि सहकर्जदाराच्या सिबिलवरही (कर्जफेडीच्या नोंदवहीतही) तशीच नोंद होते. बाबा शाखेत गेले तर साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. बाबा चौथी शिकलेले. इंग्रजी मजकुरात त्यांना काही कळलं नाही, साहेबांनी बोट ठेवून "हे तुमचं नाव" म्हटलं तेवढंच. पीक कर्जाला सिबिल लावू नका असं सरकार बँकांना वारंवार सांगतं, पण थकबाकी दिसली की फाइल पुढे सरकत नाही.

यात घराचं किती नुकसान होतं ते बघा. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडतं. ते गेलं की बी-खत कृषी केंद्रातून उधारीवर, तिथला भाव वेगळा. वरखर्चाला सावकार, शेकडा तीन रुपये महिना. माझ्या कर्जावर बँक व्याज लावत होती ते निराळं, आणि त्याच कर्जापायी बाबा गावात हे दुसरं व्याज भरत होते. मला हे कळलं ते धाकट्या बहिणीनं फोनवर रडत सांगितलं तेव्हा.

मी पहिल्यांदा पूर्ण खातेउतारा मागवला, कर्ज उचलल्या दिवसापासूनचा. त्यात दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे व्याजदर अजून जुन्या बेस रेटवरच (बँक स्वतः ठरवते त्या दरावर) होता. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना अशी नवी कर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते त्या) बाहेरच्या दराला जोडावी लागतात आणि जुन्या कर्जदारालाही तसं बदलून मागता येतं. पण मागावं लागतं. दुसरं, दंडव्याज मुद्दलात मिसळून त्यावर परत व्याज चढलेलं. २०२४ पासून नियमच आहे की दंड हा आकार म्हणून घ्यायचा, त्यावर व्याज चढवायचं नाही. माझी रक्कम त्याआधीची होती, तरी लेखी अर्ज दिल्यावर बरीचशी सोडली.

एकरकमी तडजोडीचा कागदही समोर आला होता. मी घेतला नाही. तडजोड केली की सिबिलवर 'सेटल्ड' (पूर्ण न भरता मिटवलेलं) असा शेरा राहतो, आणि तो बाबांच्या नावापुढेही लागला असता. थकलेलं सगळं भरून खातं नियमित केलं, मग दर बदलून घेतला. हप्ता माझ्या एनआरओ खात्यातून (बाहेर राहणाऱ्याच्या इथल्या खात्यातून) आपोआप जातो. पुढच्या खरिपाला बाबांना पीक कर्ज मिळालं.

वरूड तालुका, सध्या आयर्लंड

मी नर्स आहे. माझ्या बाबतीत हप्ते थकले नव्हते, तरी खातं थकीत झालं. १ एप्रिल २०२० ला सरकारी बँकांची मोठी विलीनीकरणं झाली, त्यात आमचीही बँक गेली. पुढे शाखेचा आयएफएससी बदलला, कर्जखात्याचा नंबर बदलला. मी पाठवत होते ते पैसे परत येऊन माझ्या एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवायच्या इथल्या खात्यात) पडून राहिले. पत्र गेलं ते माहेरच्या पत्त्यावर. माय एकटी राहते, तिनं ते संत्र्याच्या बिलांच्या पिशवीत जपून ठेवलं, कारण बँकेचं पत्र म्हणजे जपायचं असतं. तिची काय चूक.

शाखेत फोन केला की "तुम्ही स्वतः या". आयर्लंडहून कशी येऊ? शेवटी बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल केला, सोबत पैसे पाठवल्याचे सगळे पुरावे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ पासून बँका आणि वित्त कंपन्यांसाठी ही एकच योजना आहे, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आयर्लंडमधून रात्रपाळी संपवून घरी आल्यावरही तक्रार टाकता येते. तक्रार दाखल झाल्यावर शाखेतूनच फोन आला, आणि तेव्हा मात्र मी स्वतः येण्याची गरज उरली नव्हती.

आणखी एक अडचण फक्त बायकांची. कर्ज माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर. लग्नाचं प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही पाठवल्यावर केवायसी झालं. बाहेर जायच्या आधीच हे उरकून घ्या, पोरींनो.

कर्ज पूर्ण फिटल्यावरही सिबिलवर जुनी थकबाकी दिसत होती. त्याची ऑनलाइन तक्रार करा. एप्रिल २०२४ पासून तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. माझी नोंद मुदतीतच दुरुस्त झाली. अर्जात नियमाचा उल्लेख केला होता, त्याचा उपयोग झाला असं मला वाटतं.

अकोला जिल्हा, सध्या सौदी

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. ज्या कॉलेजासाठी कर्ज काढलं ते आता बंद पडलं. ना धड मास्तर, ना लॅब, ना नोकरी. मी इथं वेल्डिंगचं काम शिकून पोट भरतो, त्या पदवीचा मला काडीचा उपयोग झाला नाही. बँकेनं कॉलेज न बघता कर्ज दिलं, मग भरायचं एकट्यानं मीच का? आता बँकेची दावा लावायची मुदतही संपली म्हणतात.

_(मी, दारव्ह्याची) भाऊ, राग अजिबात नाही. त्या काळात आपल्याकडे तालुक्यातालुक्याला कॉलेजं उघडली आणि पोरांची वर्षं वाया गेली, हे खरं आहे. त्याचा जाब कोणाला तरी विचारायलाच पाहिजे. पण तुमच्या सहीशेजारी वडिलांची सही आहे. मुदतीचं काय ते खाली वणीच्या काकाजींनी लिहिलं आहे, ते नक्की वाचा._

वणी, निवृत्त बँक अधिकारी

नोकरीचा बराचसा काळ यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या शाखांत गेला. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

मुदतीचं आधी. साध्या कर्जाला दावा लावायची मुदत तीन वर्षं, घर किंवा प्लॉट गहाण असेल तर बारा वर्षं. मुदत संपायच्या आत तुम्ही थकबाकी लेखी कबूल केली किंवा थोडी रक्कम स्वतःच्या सहीनिशी भरली, तर मुदत नव्यानं सुरू होते. बँकेचा माणूस गावात येऊन वडिलांची सही घेऊन जातो ती यासाठीच. आणि मुदत संपली म्हणजे कर्ज मिटलं असं नाही. फक्त कोर्टाचा रस्ता बंद होतो. सिबिलवरची नोंद राहते, घरच्यांना त्या शाखेत उभं राहणं अवघड होतं. अकोल्याच्या भाऊंनी म्हणून सगळे कागद एखाद्या वकिलाला दाखवावेत, ऐकीव गोष्टीवर राहू नये.

भीतीचं दुसरं. विमानतळावर अडवतील, पासपोर्ट जप्त होईल, असं वसुलीवाले सांगतात. शैक्षणिक कर्ज थकणं ही दिवाणी बाब आहे, निव्वळ तेवढ्यासाठी पोलीस येत नाहीत. सरकारी बँकांना परस्पर लुकआउट नोटीस (देश सोडताना अडवायची सूचना) काढायला सांगण्याचा अधिकार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये दिला आहे. मात्र कोर्टाचं समन्स आलं तर घरच्यांनी ते घ्यावं. न घेतल्यानं दावा थांबत नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो. वीस लाखांच्या आतली रक्कम असेल तर दिवाणी न्यायालय, त्याच्या वर कर्जवसुली न्यायाधिकरण.

तडजोडीच्या बाबतीत शाखाधिकाऱ्याच्या हातात फार कमी असतं. तो प्रस्ताव वर पाठवतो. म्हणून "काहीतरी कमी करा साहेब" असं म्हणण्यापेक्षा "इतकी रक्कम, या तारखेपर्यंत, या खात्यातून" असं लिहून द्या. वरच्या कार्यालयात असा कागद हलतो. मंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नका, आणि पत्रातली तारीख चुकवू नका, चुकली की सवलत रद्द होते. पैसे नेहमी कर्जखात्यात भरा, वसुली एजंटच्या हातात रोख द्यायची नाही. एजंटला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही.

वडिलांना किंवा भावाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवा आणि ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्या. लोक हे शेवटचं विसरतात, आणि मग ऐनवेळी शाखेत कागद नाकारला जातो.

साकोली तालुका, मी घरीच आहे, दादा न्यूझीलंडला

बाहेर गेलेल्यांचं वाचलं. मी मागे राहिलेल्याचं लिहितो.

दादाचं कर्ज साडेसात लाखांच्या वरचं, म्हणून तारण लागलं. धानाची शेती होती, पण बँकेनं सातबारा घेतला नाही, साकोलीतला प्लॉट आणि त्यावरचं घर मागितलं. तेव्हा बाबांना वाईट वाटलं होतं, की आपल्या जमिनीला किंमत नाही. कारण नंतर कळलं. बँकांना कोर्टाशिवाय तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, बँकेला ती कोर्टाशिवाय ताब्यात घेता येत नाही. घर घेता येतं.

२०२० मध्ये दादाची नोकरी गेली. रिझर्व्ह बँकेनं दिलेली सहा महिन्यांची हप्तेसवलत ऑगस्टला संपली आणि पुढे हप्ते गेले नाहीत. आधी साठ दिवसांची नोटीस आली. दादाला वाटलं बोलणी सुरू आहेत, आम्हाला वाटलं दादा बघतो आहे. मग एक दिवस दारावर ताब्याची नोटीस चिकटवली. ती दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणजे बाबांचं नाव, आईचं नाव, घराच्या चारही दिशांना कोणाची घरं आहेत तेही, सगळं मराठीत छापून आलं. चहाच्या टपरीवर लोक वाचत होते. "का गा, घराचा लिलाव हाये म्हणते?" असं विचारायला बाबांच्या शाळेतले मित्र घरी आले. आई त्या आठवड्यात दळण आणायलाही बाहेर पडली नाही, मी आणलं.

वर आर्णीच्या भाऊंनी तडजोड नको म्हटलं. ज्याचा पगार सुरू आहे त्याला ते परवडतं. आमच्याकडे दादा पार्सल पोचवून दिवस काढत होता. आम्ही दोन एकर धानाची शेती विकून आणि दादानं जमवलेलं घालून राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड केली. तिथं फी लागत नाही, निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे प्रकरण खरोखर संपतं. 'सेटल्ड' शेरा लागला तो लागला. घर राहिलं.

कर्ज संपल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे असतात, १ डिसेंबर २०२३ पासून उशीर झाला तर बँकेला दिवसाला पाच हजार द्यावे लागतात. आम्ही तारीख घालून पोच घेतली, कागद वेळेत मिळाले. गहाणाचा बोजा उतरवायला वेगळा अर्ज करावा लागतो, तो बँकेच्या पत्राशिवाय होत नाही, हे पत्र तेव्हाच मागून घ्या.

दादा आणि मी त्या काळात भांडलो नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

मेहकर तालुका, सध्या जर्मनी

माझं थोडक्यात. तारणाला शेतीच होती, म्हणून सरकारी बँकेनं नाही म्हटलं आणि वित्त कंपनीकडून तेरा टक्क्यांनी घेतलं. नोकरी लागल्यावर मावशीच्या अमरावतीच्या प्लॉटवर तेच कर्ज सरकारी बँकेत वळवलं, दर बराच खाली आला. बरीच धावपळ करावी लागते, पण होतं. ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजना कर्ज घेतानाच बघा, माझ्या चुलत बहिणीला तिचा आधार झाला.

चिमूर तालुका, सध्या मस्कत

बाबा गेले तेव्हा माझं कर्ज अर्धं शिल्लक होतं. तेराव्याच्या आत शाखेतून आईला फोन, तुम्ही येऊन सही करा. तिनं केली नाही, बरं झालं. मूळ कर्जदार मी आहे, मी जिवंत आहे, पुढचा सगळा पत्रव्यवहार माझ्या ईमेलवर करा, असं लिहून कळवलं. सहकर्जदार वारला तर वारसांवरची जबाबदारी त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या कमाईची नाही, हे वकिलानं समजावलं तेव्हा आईची झोप परत आली. हप्ते मी चालू ठेवले, मागच्या दिवाळीत कर्ज संपलं, बेबाकी दाखला मिळाला.

एवढंच राहिलंय की बाबांच्या जागी बँकेनं मध्यंतरी आईचं नाव परस्पर जोडलं होतं आणि तिच्या सिबिलवर ते कर्ज अजून चालू दिसतं. आता वावर तिच्या नावावर आहे, पीक कर्जही तिलाच काढायचं आहे. वरूडच्या ताई, तुम्ही केलेल्या अर्जाचा मजकूर इथे टाकता का? तक्रार आईच्या नावानं जाईल, मोबाइल मात्र माझा आहे, त्यानं अडतं का तेही सांगा.