अभंग वाचून धीर येण्याऐवजी हताश वाटतं, कसं वाचावं?

जिज्ञासू_वाचक
ज्ञानेश्वरी पहिल्या अध्यायातच अडते. तुकारामांची गाथा उघडली की ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें’ असलं काही समोर येतं आणि वाटतं, हे तर हात टेकायलाच सांगतंय. संतकाव्यातून उमेद मिळते म्हणतात, ती नेमकी कुठे असते? रोज वीस मिनिटं हाताशी आहेत. सुरुवात कुठून करावी आणि किती वाचावं?

ओवीवेडा
एकच ओळ उचलली की हे होणारच. त्याच अभंगात पुढे ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ’ आहे. खाली ठेवायचाय तो उद्वेग, काम नव्हे. हेच तुकाराम दुसरीकडे काय म्हणतात पाहा:

ओलें मूळ भेदी । खडकाचें अंग ।
अभ्यासासी सांग । कार्यसिद्धि ॥

अक्षरं मोजा: सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक, चौथा आखूड. ‘मोठा अभंग’ या छंदाची घडण अशी असते. चरणाच्या शेवटी थांबत मोठ्याने वाचा, निम्मा अर्थ तिथेच सुटतो. सलग गद्यासारखं वाचलं तर शब्द एकमेकांत अडकतात. ध्रुपद, म्हणजे बहुधा दुसरं कडवं, प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा म्हणा. इथलं ध्रुपद आहे ‘नव्हे ऐसें कांहीं नाहीं अवघड’. मग दाखले बघा: मुळाने फुटणारा खडक, दोराच्या घर्षणाने कापला जाणारा चिरा, गर्भात बाळाला हळूहळू होणारी जागा. तिन्हींत ताकद थोडी आणि सातत्य फार. खचलेल्या माणसाला ‘जोर लाव’ न सांगता ‘लागून राहा’ सांगणारा हा अभंग मला फार मोलाचा वाटतो.

एक अभंग तीन-चार दिवस ठेवा. पहिल्या दिवशी नुसता म्हणा, दुसऱ्या दिवशी अडलेले शब्द सार्थ (अर्थासह छापलेल्या) प्रतीत बघा, नंतर अर्थ स्वतःच्या वाक्यात लिहा. लिहिता आला नाही तर पुढे जाऊ नका. रोज दहा-दहा अभंग उरकले तर महिन्याने काहीच हाती राहत नाही.

पैलतीर
ज्ञानेश्वरीबद्दल. पहिल्या अध्यायात लांबलचक नमन आणि अर्जुनाचा विषाद आहे. त्याला उत्तर मिळायला लागतं ते दुसऱ्या अध्यायात, म्हणजे पहिल्यावर थांबणाऱ्याच्या पदरी फक्त विषाद पडतो. एकूण अध्याय 18 आणि ओव्या नऊ हजारांच्या घरात, त्यामुळे क्रमाने जायचा हट्ट नको.

अठराव्या अध्यायाच्या अखेरचं पसायदान आधी घ्या, नऊच ओव्या. त्यात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ म्हटलंय. खळ नाहीसे होवोत अशी मागणी नाही. त्यांचा वाकडेपणा जावो, त्यांना सत्कर्माची ओढ लागो, एवढंच. माणूस सुधारू शकतो हे तिथे धरूनच चाललंय. मग बारावा अध्याय. सुमारे अडीचशे ओव्या आहेत, रोज बारा घेतल्या तर तीन आठवड्यांत होतो. आधी मूळ ओवी, मग अर्थ. उलट केलंत तर मूळ वाचायचं राहूनच जातं.

तेवढंही जड वाटलं तर रामदासांचे मनाचे श्लोक. 205 आहेत, भाषा त्यामानाने सोपी आणि भुजंगप्रयात वृत्ताची चाल जिभेवर चटकन बसते.

गाथा_सोबती
वरच्या दोघांशी सहमत, पण एक भर घालतो. प्रत्येक अभंगाच्या शेवटी दिलासा मिळेलच असं धरू नका. ‘कन्या सासुर्‍यासी जाये’ वाचा. मागे वळून पाहणारी मुलगी, आईला चुकलेलं बाळ, पाण्याबाहेरची मासोळी, आणि शेवट ‘तैसा तुका म्हणे तळमळी’. उत्तर नाहीच. तरीही असे अभंग गाळू नका. आपली तळमळ इतक्या नेमकेपणाने कुणी तरी आधीच मांडून ठेवलीय, हाही मोठा आधार असतो.

‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंग मात्र एकटा वाचू नका. 1630-31 च्या दुष्काळात तुकारामांचं घर उद्ध्वस्त झालं. ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे त्यांनीच लिहिलंय. ते शेजारी ठेवलं की ‘बरें जालें’ला किती किंमत मोजलीय ते कळतं. नाहीतर दुसऱ्याच्या संकटात ‘जे होतं ते बऱ्यासाठी’ असं सुनावायला ती ओळ वापरली जाते, आणि तो तिच्यावर अन्याय आहे.

आणि मोबाइलवर फिरणारं प्रत्येक ‘तुका म्हणे’ तुकारामांचं नसतं. गाथेच्या शेवटी अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारादि सूची असते, तिथे शोधा. क्रमांकावर विसंबू नका, प्रतीगणिक ते बदलतात. पहिला चरण माहीत नसेल तर ध्रुपदावरूनही शोधून बघा, कारण पुष्कळदा लोकांच्या तोंडी तेच असतं.