सल्ला हवा: आठ-दहा दिवस घर बंद असतं, गच्चीवर हायड्रोपोनिक (मातीशिवाय, खताच्या पाण्यात) लावावं की खालून पाणी पिणाऱ्या कुंड्या? (नाशिक)

गच्ची_इंदिरानगर:
इंदिरानगरला पश्चिमेकडे उघडी गच्ची आहे, सकाळी दहापासून मावळेपर्यंत ऊन. दर महिन्याला आठ-दहा दिवस घर बंद असतं. लेट्यूस, पुदिना, टोमॅटो, वांगी आणि मिरची एवढंच लावायचं आहे. पाइपवाला तयार एनएफटी संच, क्रॅटकी पद्धत की खाली टाकी असलेल्या कुंड्या? नळाचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी आहे.

पाणीमोजा:
पाइपवाला संच आधी यादीतून काढा. एनएफटीत मुळांखालून पाण्याचा पातळ थर वाहत असतो, साठा असा नसतोच. एप्रिलच्या दुपारी पंप दोन-तीन तास बंद पडला की लेट्यूस मान टाकतं, आणि तेव्हा घरी कोणी नसेल तर सगळी ओळ जाते. शिवाय उन्हात पाइप तापतो. द्रावण (खत विरघळवलेलं पाणी) २५ अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकूज जोर धरते. मूळ तपकिरी, बुळबुळीत झालं आणि ओढल्यावर साल हातात आली, तर ते रोप वाचत नाही.

क्रॅटकीला पंप लागत नाही. हवाई विद्यापीठाच्या बी. ए. क्रॅटकी यांनी मांडलेली ही पद्धत नाशिकच्या थंडीत पालेभाजीला फार चांगली चालते. लेट्यूसच्या एका गड्ड्याला सुरुवातीपासून काढणीपर्यंत ४ लिटर द्रावण धरा. मासळीचा थर्माकोलचा झाकणवाला खोका घ्या, आतून काळा जाड प्लास्टिक कागद लावा, झाकणाला २ इंची नेटपॉटची (रोप धरणाऱ्या जाळीदार कपाची) भोकं पाडा. २५ लिटरच्या खोक्यात सहा रोपं, जास्त नकोत. सुरुवातीला द्रावण नेटपॉटच्या तळाला जेमतेम १ सेंमी लागलं पाहिजे. मग पातळी उतरते, वरची मुळं हवेत राहतात आणि तिथूनच रोप श्वास घेतं. इथेच बहुतेकांचं चुकतं: पातळी खाली गेली म्हणून ते खोका पुन्हा काठोकाठ भरतात आणि हवेतली मुळं बुडून रोप कोमेजतं. भर घालायचीच असेल तर पाव उंचीपर्यंत, त्यापुढे नाही.

रोपं नोव्हेंबरच्या सुरुवातीला बसवा, फेब्रुवारीअखेर खोके आवरा. मार्च ते मे यात पडू नका.

गच्ची_इंदिरानगर:
खत कोणतं? दुकानात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) सुचवलं.

पाणीमोजा:
ते मातीसाठी ठीक. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, नुसत्या पाण्यात ते नीट होत नाही. त्यात कॅल्शियमही नाही.

आपल्याकडे द्राक्षांमुळे विद्राव्य खतं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात किलोच्या पुड्यांत मिळतात, तेव्हा महागडी हायड्रोपोनिक बाटली घेऊ नका. पालेभाजीसाठी १० लिटरला: कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ३ ग्रॅम, ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३ ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं पुडीवरच्या मात्रेने. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवा आणि बाकीचं भरपूर पाण्यात मिसळल्यावर शेवटी घाला. घट्ट द्रावणं एकत्र केली की पांढरा साका बसतो. तो म्हणजे जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट, झाडाला त्यातलं काही मिळत नाही.

ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, mS/cm मध्ये) १.२ ते १.६ आणि पीएच (आम्लतेचं माप) ५.५ ते ६.५ ठेवा. मीटर ईसी दाखवणारा घ्या. टीडीएसचे (ईसीला गुणकाने गुणून काढलेले, पीपीएममधले) आकडे मीटरच्या गुणकाप्रमाणे बदलतात. बोअरच्या नुसत्या पाण्याचा ईसी ०.७ च्या वर भरला तर ते क्रॅटकीला वापरू नका. आरओचं सांडपाणी तर मुळीच नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

कोकोपीट:
टोमॅटो-वांगी मात्र खालून पाणी पिणाऱ्या टबातच लावा. उन्हाळ्यात टोमॅटोचं मोठं झाड दिवसाला २ ते ३ लिटर पाणी पितं. २० लिटरच्या दोन बादल्या एकात एक बसवून केलेल्या कुंडीत खाली जेमतेम ४-५ लिटर राहतं, म्हणजे दोन दिवस. दहा दिवस हवे असतील तर सहा झाडांना १५० लिटर लागतील. म्हणून २०० लिटरचा ड्रम सावलीत, विटांवर फूट-दीड फूट उंच ठेवा.

ड्रममधून १६ मिमी लॅटरल (ठिबकची नळी) काढा, मध्ये ठिबकचा छोटा जाळीफिल्टर. पहिल्या बादलीत तिच्या टोकाला कूलरचा फ्लोट (पातळी भरली की पाणी थांबवणारा तरंगता व्हॉल्व्ह) बसवा, त्या बादलीच्या तळातून दुसरी नळी काढा आणि बाकीच्या बादल्या तळाशी ग्रोमेट-टेकऑफने (रबरी कडीत बसणारा नळीचा जोड) त्या दुसऱ्या नळीला जोडा. एका फ्लोटवर सगळ्यांची पातळी सारखी राहते. ड्रममध्ये साधंच पाणी ठेवा. खत घातलं की शेवाळ धरतं आणि फ्लोट अडकतो.

आतल्या बादलीच्या तळाला मध्ये अर्ध्या लिटरचा भोकं पाडलेला प्लास्टिक ग्लास लोंबकळता बसवा, तळाला ६ मिमीची १५-२० भोकं. ग्लासात नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबून भरा. वात म्हणून तोच काम करतो. सुती वात कुजते. बाहेरच्या बादलीला सांडव्याचं भोक आतल्या तळापेक्षा १ सेंमी खाली पाडा, म्हणजे हवेची फट राहते. भोकाला डासांची जाळी चिकटवाच, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

भरायला धुतलेलं कोकोपीट २ भाग, गांडूळखत १ भाग, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) १ भाग. आपली काळी माती नको, ती चिकट होऊन हवा कोंडते. पहिले सात-आठ दिवस पाणी वरूनच द्या. कोकोपीट एकदा कोरडं पडलं की खालून पाणी ओढत नाही.

गच्ची_इंदिरानगर:
बोअरचं पाणी इथे चालेल?

कोकोपीट:
चालेल, पण वर पांढरा क्षार येतो. महिन्यातून एकदा नळाचं पाणी सांडव्यातून बाहेर पडेपर्यंत वरून घाला.

द्राक्षमळा:
एक गोष्ट राहिली. गच्चीला ढाळ असतो. बादल्या नुसत्या मांडल्या तर ढाळाच्या टोकाची सांडव्यातून वाहत राहते, ड्रम रिकामा होतो आणि वरच्या टोकाचं झाड सुकतं. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाणी भरून सगळ्या बादल्यांचे सांडवे एका रेषेत आणा, खाली फरशीचे तुकडे द्या. जायच्या आधी दोन दिवस पूर्ण जोडणी चालू ठेवून ड्रम रोज किती उतरतो ते खुणेने बघा. झाडांच्या पिण्यापेक्षा जास्त उतरत असेल तर आधी फ्लोट आणि मग टेकऑफ तपासा.

पावसाळ्यात बादलीच्या तोंडावर प्लास्टिक ताणून खोडापुरती चीर ठेवा, नाहीतर खत सांडव्यातून धुऊन जातं.